माप विचारायचं राहून गेलं

"मॅडम, घरात लग्न आहे आणि ही दिवसभर सुया घेऊन बसलेली असते. विणते, उसवते, परत विणते. लग्न नको असेल तर तसं सांग म्हटलं, तर तेही सांगत नाही."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मृणालची आई हे सगळं एका दमात बोलून गेली. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. मृणालच्या संमतीनेच लिहितेय.) मृणाल शेजारच्या खुर्चीत गप्प बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून डोकावणाऱ्या दोन सुया आणि गडद निळ्या लोकरीचा गुंडा.

वय 22. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, फर्स्ट क्लास. निकाल जुलैत लागला, ऑगस्टमध्ये साखरपुडा झाला, लग्न माघातलं. मुलगा पुण्यात इंजिनिअर, माणसं चांगली. साताऱ्यातल्या त्यांच्या घरात कार्यालयापासून केळवणांपर्यंत सगळ्याची धांदल सुरू झालेली. आणि जिचं लग्न ती खोलीत विणत बसलेली.

निकाल आणि लग्न यांच्या मधल्या महिन्यांत अशा बऱ्याच मुली समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात. मुलगेही येतात, पण त्यांचं दुखणं बहुधा नोकरीच्या नावाने येतं. मुलींचा प्रश्न जवळजवळ एकाच शब्दांत असतो: सगळं चांगलं चाललंय, मग मला आतून काहीच का वाटत नाही? पुढे लगेच अपराधीपणा येतो. आईबाबा एवढं करतायत आणि मी अशी.

आईंना मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. हे मी नेहमीच करते. ठरलेल्या लग्नाबद्दल मुलीला आईवडिलांसमोर विचारणं म्हणजे न विचारण्यासारखंच असतं. "हे लग्न तुला हवंय का? कुणी बळजबरी केलीय का? दुसरं कुणी मनात आहे का?" तिन्ही प्रश्न सरळ विचारले. पुढच्या भेटीत पुन्हा विचारले. दोन्ही वेळा तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही मॅडम, मुलगा मला आवडलाय. मीच हो म्हटलंय." खरं सांगायचं तर माझाही पहिला अंदाज आईसारखाच होता, की ही विणकामाच्या आड लग्न टाळतेय. तो चुकीचा होता.

मग नैराश्य आहे का, ते बघायचं होतं. त्यासाठी आम्ही नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतो. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, आवडीच्या गोष्टींतला रस, जगणं नको वाटणं, हे किती वेळा झालं ते त्यात विचारतात. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा जास्त आली तर मानसोपचारतज्ज्ञांकडून पुढची तपासणी करून घ्यायला सांगते. जगणं नको वाटण्याच्या प्रश्नाला "कधीकधी" असं उत्तर आलं, तरी बेरजेची वाट बघत नाही. मृणालची बेरीज 8 आली. त्या शेवटच्या प्रश्नाला शून्य.

पण आकड्यांपेक्षा मला जास्त सांगून गेली ती तिची लोकर. "इतकं उसवल्यावर लोकर खराब नाही होत?" असं मी सहज विचारलं, आणि पहिल्यांदाच ती सलग बोलली. उसवलेली लोकर कुरळी होते. तशीच विणली तर टाके वेडेवाकडे बसतात. म्हणून ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, पिळायची अजिबात नाही. सावलीत टांगायची आणि खाली हलकंसं काहीतरी अडकवायचं. "आजी वरवंट्याची पिशवी अडकवायची, मी शाम्पूची बाटली अडकवते." सांगताना तिचे हात हवेत लड गुंडाळत होते. ज्याचा रस पार आटलाय त्याचे हात असे चालत नाहीत.

घरी जाताना तिला एक काम दिलं. आठवडाभर तास-तासाची नोंद ठेवायची. काय केलं, कुणाबरोबर, आणि त्यात तू काय केलंस. बास, एवढंच.

पुढच्या वेळी वही उघडली आणि मी गुरुवारच्या पानावर थांबले. "11 ते 1. पत्रिकेचे नमुने बघितले. आई, काकू, मोठी आत्या. मी: चहा." शनिवारी: "कार्यालयाचा ॲडव्हान्स. बाबा, काका. मी: स्कूटीवर झेरॉक्स." सोमवारी शालूंचे फोटो आले होते. "आई, मावशी. मी: बरा आहे म्हटलं." लग्नाच्या प्रत्येक नोंदीत ती होती, आणि चहा, झेरॉक्स, बरा आहे यापलीकडे कुठेही नव्हती. उरलेली पानं सकाळी दहाला उठणं, फोन, विणकाम, जेवण, विणकाम, फोन, रात्री दोन. पूर्ण आठवड्यात घराबाहेरच्या माणसाशी समोरासमोर मोकळं बोलणं फक्त एकदा, लोकरीच्या दुकानात.

इथे मला ऑस्ट्रियातल्या मारीएनथाल या गावाची आठवण होते. गावातला एकुलता एक मोठा कापडाचा कारखाना बंद पडला आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. 1930च्या सुमारास मारी याहोडा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून माणसांचे दिवस टिपले. वेळच वेळ मिळालेल्या लोकांनी जास्त वाचायला हवं होतं. उलट वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्यातून चालायचेही हळू, मध्येमध्ये थांबत. पुढे याहोडाने मांडलं की काम पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देतं: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांची सोबत, आपल्यापेक्षा मोठ्या कशाचा तरी भाग असणं, समाजात एक ओळख, आणि हातांना नियमित उद्योग. माझ्या मते कॉलेजही हेच सगळं देतं. बालवाडीपासून सतरा-अठरा वर्षं कुणीतरी आखलेलं वेळापत्रक असतं आणि निकालाच्या दिवशी ते एकदम संपतं. शेवटच्या वर्षात मुलांना परीक्षेची तयारी सगळे करून देतात, पण ही पोकळी येणार आहे असं कुणी सांगत नाही. मग मूल म्हणतं, मीच आळशी झाले. घरचे म्हणतात, डिग्री घेऊन बसलीय.

मृणालला मी हे असंच सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे विणकामामुळे मी बिघडले नाहीये."

उलट त्या पाचांतली एक तरी गोष्ट तिने विणकामाने धरून ठेवली होती. दिवसभरात किती ओळी झाल्या हे दिसतं, कुठला नमुना घ्यायचा ते तीच ठरवते. मुलं विणतात, चित्रं काढतात, गाड्या खोलून बसतात तेव्हा ते आधी काढून घेऊ नका, हे मी पालकांना कळकळीने सांगते. पण उसवण्याचं कोडं मला सुटलं नव्हतं.

"हा स्वेटर कुणासाठी?" मी तिसऱ्या भेटीत विचारलं.

"त्यांच्यासाठी. रुखवतात ठेवायचाय. आई म्हणते तोरण, रुमाल सगळं विकत मिळतं, मला एक तरी वस्तू स्वतःच्या हातची हवीय."

"आणि का उसवतेस?"

"मापात वाटत नाही. पाठीला आधी 104 टाके घातले, मग 112, मग 126. फोटो बघून बघून अंदाज करते."

"छातीचं माप किती त्यांचं?"

ती सुईकडे बघत राहिली. "विचारलं नाही."

साखरपुड्याला दोन महिने होऊन गेले होते. रोज फोन व्हायचे. जेवलात का, ऑफिस कसं होतं, आज मामींकडे केळवण आहे. माप विचारायला काय हरकत होती? हळूहळू सांगितलं तिने. एक विचारलं तर दुसरंही तोंडून निघेल, ही भीती. लग्नानंतर मला नोकरी करायचीय, चालेल का? राहणार आपण दोघंच की सासूसासरे गावाहून येणार? एम.एस्सी. बाहेरून केली तर? आणि उत्तर मनाविरुद्ध आलं तर? पत्रिका आता छापायला जाणार. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. खोलीत बसून अंदाजाने टाके घालायचे आणि उसवायचे.

मी तिला म्हटलं, पत्रिका छापायला निघाल्या म्हणून प्रश्न विचारायचा हक्क संपत नाही. मात्र सगळे प्रश्न एका फोनवर ओतू नकोस. पहिला फोन फक्त मापाचा. पुढचं बोलणं समोरासमोर, घरच्यांच्या घोळक्याशिवाय. काय बोलायचं ते आम्ही माझ्याच खोलीत दोनदा म्हणून बघितलं. "मला विचारायचं होतं, तुम्हाला चालणार असेल तर..." अशी तिची सुरुवात होती. ती बदलून "मला नोकरी करायची आहे, त्याबद्दल आपण बोलूया" अशी केली. पहिल्या वाक्यात परवानगी मागितली की पुढची सगळी वाक्यं तशीच जातात.

आईंबरोबरही एक बैठक झाली. त्यांच्याकडे लग्नाची जाड वही होती, प्रत्येक पानावर मानपान, आहेर, कुणाला किती साड्या. मी त्यांना मृणालची वही दाखवली, अर्थात तिला विचारून. गुरुवारचं पान त्यांनी दोनदा वाचलं. "मला वाटायचं तिला त्रास नको," एवढंच त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आपण मुलीला सगळं आयतं देतोय याचंच त्यांना समाधान होतं. त्या दिवशी पत्रिकेचा मजकूर, शालू आणि रुखवत या तीन गोष्टी मृणालच्या नावावर झाल्या. बाकीचं आईंनीच बघायचं, त्यात मृणालने लुडबुड करायची नाही, हेही ठरलं.

दिवसाला आकार द्यायचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात गुणकारी. मनाला वाटलं की करू, असं म्हणून चालत नाही. करायला लागलं की मन मागून येतं. सकाळी साडेसहाला साताऱ्यातल्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चालणं, तेही मैत्रिणीबरोबर. नऊ ते अकरा नोकरीचे अर्ज आणि केमिस्ट्रीची उजळणी. विणकाम दुपारी तीननंतर. पहिल्या आठवड्यात सातांपैकी तीन दिवस जमलं. तिसऱ्यात पाच.

मापाचा फोन झाला. छाती 38 इंच. मग मृणालने रीतसर चार इंचांचा नमुना विणला, इंचाला सहा टाके भरले, थोडी सैल ठेवून पाठीला 120 टाके घातले. पुण्यात भेटही झाली, कात्रजजवळच्या एका हॉटेलात दोन तास. सगळी उत्तरं मनासारखी मिळाली नाहीत. सासूबाई वर्षातून चार-सहा महिने पुण्यात राहतील, आणि त्याबद्दल मृणालच्या मनात अजून धाकधूक आहे. नोकरीला मात्र त्याची ना नव्हती. "तू काहीच म्हणत नव्हतीस, मला वाटलं तुला घरीच राहायचंय," असं तो म्हणाला.

अशा भेटीत उत्तर नेहमी इतकं सरळ येत नाही. कधी "आमच्याकडे चालत नाही" असंही येतं, आणि मग लग्न पुढे ढकलायचं का, थांबवायचं का, यावर महिनाभर बसावं लागतं. एका मुलीने तसं थांबवलंही. तो महिना तिच्या घराला फार जड गेला.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, रडू आवरत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर वेळापत्रकाच्या भरवशावर राहू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

मृणाल शेवटची आली ती जानेवारीत, संक्रांतीचा तिळगूळ घेऊन. शिरवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तिची मुलाखत झाली होती, उत्तर यायचं होतं. कात्रजहून कंपनीची बस सुटते, हेही तिने काढून ठेवलं होतं. स्वेटरची पाठ आणि पुढचे दोन्ही भाग झाले होते, बाह्या बाकी.

"लग्नापर्यंत होतील?" मी विचारलं.

"नाही होणार. रुखवतात बिनबाह्यांचाच ठेवणार, सुयांसकट. आत्या म्हणते बरं दिसत नाही." पिशवीतून तिने बाहीची सुरुवात काढून दाखवली, एक सुलट एक उलट, दोन इंच झालेली. "बाह्यांचं माप घेतलंय मी. हात लांब आहेत त्यांचे."