अमेरिकेत डोंगरातल्या आउटलेट बाजाराला जावं का? गावाकडच्यांसाठी तिथून काय आणावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की निपाणीहून तुम्ही दोघं जुलैमध्ये मुलाकडे कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला चाललाय, मुलगा तुम्हाला डोंगरातल्या सिल्व्हरथॉर्नच्या आउटलेट बाजारात नेणार आहे आणि तिथं ब्रँडचे कपडे निम्म्या किमतीत मिळतात म्हणतोय. तर जाण्यात अर्थ आहे का, आणि भाऊबंदांसाठी तिथून काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझी लेक डेन्व्हरजवळच असते, त्यामुळे मी तिथं दोनदा जाऊन आलेय. माझं माहेर बेळगावात वडगावचं, विणकराचं. मागाच्या आवाजातच लहानाची मोठी झाले आणि लग्नानंतर सत्तावीस वर्षं शिवणकाम करतेय. म्हणून जे सांगते ते कापडाकडं बघून सांगते.

जा. जरूर जा. फक्त ते 'निम्म्या किमतीत' एवढं डोक्यातून काढून टाका.

आपल्याकडं सेकंडचा माल म्हणजे काय ते तुम्हालाही ठाऊक असेल. ताग्यात कुठं धागा तुटला, कुठं रंग कमी लागला, की तो माल बाजूला निघतो आणि कमी भावात जातो. दुकानदार दोष दाखवून देतो, आपण बघून घेतो. अमेरिकेतली आउटलेटं सुरू झाली तीही अशीच. कापड गिरण्या, चपला-बुटांचे कारखाने आपल्याच आवारात दुकान मांडायचे आणि उरलेला, किरकोळ डागी माल कामगारांना आणि आसपासच्या लोकांना विकायचे. आता तसं राहिलेलं नाही. आज आउटलेटमध्ये टांगलेल्या कपड्यांतला फार मोठा भाग मुद्दाम आउटलेटसाठीच शिवलेला असतो. नाव तेच, पण कापड हलकं, अस्तर कमी, बटणं साधी. तो शर्ट शहरातल्या मोठ्या दुकानात कधी लागलेलाच नसतो. तरी चिठ्ठीवर वर एक मोठी किंमत छापतात आणि खाली आउटलेटची लहान किंमत. मग ती वरची किंमत कुणी कधी दिली? हा प्रश्न तिकडच्या लोकांनाही पडला. २०१४ साली अमेरिकी संसदेच्या चार सदस्यांनी तिथल्या व्यापार आयोगाला पत्र लिहून या किमतींची चौकशी करा म्हणून मागणी केली होती.

याचा अर्थ माल वाईटच असतो असं नाही. तीस डॉलरचा शर्ट तीस डॉलरच्या लायकीचा असेल तर घ्यावा. साठाचा तीसला मिळाला म्हणून घेऊ नये.

पहिल्या खेपेला मी हीच चूक केली. भावासाठी तीन शर्ट घेतले, लेबलाकडं बघून. कापड चोखंदळपणे बघायची माझी रोजची सवय, पण नावाला भुलून तेवढं बघायचं राहिलं. दोन धुण्यांत एका शर्टाची बाजूची शिवण सरकली. उलटा करून बघते तर माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडायचं जादा कापड, पाव इंचसुद्धा ठेवलेली नाही. दुरुस्त करायला कापडच शिल्लक नव्हतं. भाऊ काही बोलला नाही, पण मला फार लागलं ते. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला माया सोडून शिवत आले, आणि सख्ख्या भावाला असा शर्ट दिला.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक कपडा आधी उलटा केला. तुम्हीही करा, कुणी काही म्हणत नाही. शिवणीच्या आत माया किती आहे बघा. मग एका इंचात टिपा, म्हणजे मशीनचे टाके, किती ते मोजा. बऱ्या शर्टाला चौदा-पंधरा टिपा असतात. आठ-नऊच दिसल्या तर तो घाईत शिवलेला माल. चौकड्यांचा शर्ट असेल तर खिशावरची रेघ खालच्या रेघेला जुळते का ते बघा. जुळवायला कापड जास्त जातं, म्हणून पैसा वाचवायचा असतो तिथं आधी हीच गोष्ट सोडतात. टी-शर्टाच्या दोन्ही बाजूच्या शिवणी सरळ खाली येतात का, की एक पोटाकडं वळते? न धुताच वळली असेल तर धुतल्यावर आणखी वळणार. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरून सोडा आणि किती चुरगळतो ते बघा. आतल्या पट्टीवर कापडात सूत किती, पॉलिएस्टर किती आणि माल कुठल्या देशात बनला हे लिहिलेलंच असतं, तिथं तसा कायदा आहे. काही ब्रँडच्या लेबलावर नावाच्या खाली बारीक चौकोन किंवा ठिपके असतात, ती आउटलेटसाठी बनवलेल्या मालाची खूण. मुलाला फोनवर त्या ब्रँडची खूण आधी बघून ठेवायला सांगा.

मी अशी एकेक शिवण बघत उभी होते तेव्हा दुकानातली मुलगी जवळ आली. काही चुकलंय का, म्हणून विचारलं. लेकीनं सांगितलं, आई शिंपीकाम करते. त्या मुलीनं मला थेट मागच्या भिंतीकडं नेलं आणि गेल्या हंगामातली उरलेली जॅकेटं दाखवली. ही खरी आउटलेटची वस्तू. डोंगरात फिरायचे, बर्फात घालायचे कपडे आणि बूट यांचे रंग कंपन्या दर वर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या रंगाचा चांगला माल उरतो. त्यात शिवण तीच, कापड तेच, फक्त रंग जुना. तुम्ही जुलैत जाताय म्हणजे थंडीचे कपडे स्वस्त असतील. नातवंडं तिथंच वाढत असतील तर त्यांच्यासाठी पुढच्या हिवाळ्याचं जॅकेट एक माप मोठं घ्या. निपाणीला मात्र तसलं जॅकेट आणू नका, आपल्या थंडीला स्वेटर पुरतो आणि ते बॅगेत अर्धी जागा खातं.

किमतीचं म्हणाल तर तिथं घासाघीस नाही. आपल्या खडे बाजारात, गणपत गल्लीत दोन शब्द बोलून शंभर-पन्नास कमी होतात, तिथं चिठ्ठीवरचा आकडा तो आकडा. उलट गल्ल्यावर तो वाढतो. आपल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तिथं कर नंतर लागतो. कोलोरॅडो राज्याचा २.९ टक्के, शिवाय जिल्ह्याचा आणि गावाचा वेगळा. परदेशी पाहुण्याला तो परत मिळायची सोय त्या राज्यात नाही. पावत्या जपून ठेवा, मनाला आलं नाही तर बहुतेक दुकानं वस्तू परत घेतात, पण पावतीवर 'फायनल सेल' लिहिलं असेल तर नाही.

आता डोंगराचं सांगते, कारण मला विचाराल तर जायचं ते यासाठी. डेन्व्हरहून आय-७० हा मोठा रस्ता पश्चिमेला चढत जातो. अंतर साधारण ११० किलोमीटर, रस्ता मोकळा असला तर सव्वा तास. पण शनिवारी सकाळी जाताना आणि रविवारी दुपारी परतताना गाड्यांची रांग लागते, म्हणून मुलाला आठवड्यात मधल्या दिवशी सुट्टी काढायला सांगा. सिल्व्हरथॉर्नच्या थोडं अलीकडं आयझेनहॉवर बोगदा लागतो, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, लांबी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. एक नळी १९७३ साली उघडली, शेजारची दुसरी १९७९ साली. जावई गाडी चालवत होता, तो म्हणाला, आई, या बोगद्याच्या वरच्या कण्यावर पाणी वाटून जातं. पूर्वेला पडलेला थेंब मिसिसिपीकडं, पश्चिमेला पडलेला कोलोरॅडो नदीकडं.

मला एकदम कणकुंबी आठवली. आपल्या खानापूर तालुक्यात हेच तर आहे. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगवते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते, आणि तिथल्याच रानातलं पाणी म्हादईतून गोव्याला, समुद्राला. लहानपणी वडील आम्हाला तिथं घेऊन गेले होते. एवढ्या लांब येऊन तेच बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आणखी एक गोष्ट. बाजाराजवळच डिलनचं धरण आहे, १९६३ सालचं. त्यासाठी जुनं डिलन गाव हलवलं. त्या धरणाचं पाणी डोंगराखालून ३७ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडं डेन्व्हरच्या बाजूला नेलंय. म्हादईच्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून आपल्याकडं किती वर्षं वाद चाललाय ते तुम्हाला सांगायला नको. मी त्या पाण्याकडं बघत बराच वेळ बसले, लेकीनं दोनदा हाक मारली.

बाजार म्हणजे छपराखालचा मॉल नाही. लाल, हिरवा आणि निळा असे तीन वाडे आहेत, त्यांना तिथं व्हिलेज म्हणतात. मधून ब्लू नदी वाहते. दुकानातून दुकानात उघड्यावरूनच चालत जायचं, मान वर केली की समोर डोंगर. तीनही ठिकाणं चालत करायची म्हणू नका, गाडीनं हला.

आणि तब्येत. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर, डेन्व्हर १,६०० मीटर, हे गाव साधारण २,७५० मीटर. हवा विरळ. पहिल्या खेपेला लेकीकडं पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी गेलो तर माझं डोकं असं ठणकलं की दोन दुकानांनंतर गाडीत बसून राहिले. डेन्व्हरला आठवडाभर राहून मगच वर जा. पाणी सारखं पीत राहा. ऊन टोचतं, तेव्हा टोपी हवीच. दोघांपैकी कुणाला बीपी किंवा हृदयाचं दुखणं असेल तर निघायच्या आधी इथंच डॉक्टरांना विचारून घ्या. जुलैत दुपारनंतर गडगडाट होऊन पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर पोचून दुपारपर्यंत खरेदी उरका. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, धरणाच्या काठावर बसून खाल्ली.

भाऊबंदांना काय आणावं, हा तुमचा खरा प्रश्न. कपडे आणू नका. सुती शर्ट आणि लहान मुलांचे कपडे आपल्याकडं चांगले मिळतात, आणि तिथल्या एका टॉपच्या पट्टीवर तर मला 'मेड इन इंडिया' दिसलं. बूट आणा. चालायचे, खेळायचे बूट आउटलेटमध्ये खरोखर परवडतात आणि ज्याला मिळतात तो रोज पायात घालतो. दुसऱ्या खेपेला भावाला मी बूटच दिले. मात्र नंबर फोनवर विचारून घेऊ नका, आपले नंबर आणि तिथले नंबर वेगळे. निघायच्या आधी ज्यांना ज्यांना आणायचेत त्यांना वर्तमानपत्रावर अनवाणी उभं करा, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल उभी धरून फिरवा, वर नाव लिहा, घडी करून बॅगेत ठेवा. संध्याकाळी काढा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. दुकानात बुटातली आतली गादी बाहेर काढून त्या कागदावर ठेवा. अंगठ्याच्या पुढं बोटभर जागा राहिली की तो बूट घ्या.