‘मॅडम, घड्याळ १६४ दाखवतंय!’

वजन जास्त असलेली विशी-पंचविशीतली मुलं व्यायामाला लागतात आणि पंधरवड्यात माझ्याकडे समुपदेशनाला येतात. तक्रार एकच: चालायला लागलं की मनगटावरच्या घड्याळात हृदयाच्या ठोक्यांचा आकडा चढून लाल होतो, मग भीतीनं पाय थांबतात. बेळगावात ही भीती नुसती घड्याळामुळे नाही. २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार व्यायामानंतर अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. तो धक्का इथल्या घराघरांतल्या आयांच्या मनात अजून आहे.

त्यांतल्याच एकाची ही गोष्ट, ओळख पटू नये इतपत बदलून. वय २४, वजन ९८ किलो. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानात सकाळी चार फेऱ्या मारायला जायचा, पण दुसऱ्या फेरीतच बाकावर बसायचा. डॉक्टरांनी तपासून, ईसीजी काढून व्यायामाला परवानगी दिली होती.

“डॉक्टर म्हणाले ठीक आहे. मग ऐकत का नाहीस त्यांचं?”

“डॉक्टरांनी एकदा बघितलं की मॅडम. घड्याळ रोज बघतंय.”

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. शाळेत वर्गमित्र, लग्नकार्यात मावश्या, सगळ्यांनी त्याचं शरीर बाहेरून मोजलं होतं. आतून काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं, त्यानंही नाही. घड्याळ हे त्या पंचांतलंच नवं माणूस. आकडा भीती जन्माला घालत नाही, आकड्याला आपण देतो तो अर्थ घालतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. पण सांगून पटत नाही, हातानं करून पटतं.

तिसऱ्या भेटीत त्याला माझ्या खोलीतच जागच्या जागी धावायला लावलं आणि पावलं मोजली. पंधरा सेकंदांत ४१, म्हणजे मिनिटाला १६४. थांबताक्षणी त्यानं मनगटावर दोन बोटं ठेवली, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वेळ सांगितली. पंधरा सेकंदांत ३३ ठोके. चारनं गुणले, १३२. थांबल्यावर ठोके थोडे उतरतात हे धरलं, तरी एवढा फरक? त्यानं मनगट उलटं केलं. पडद्यावर १६४.

तो बघतच राहिला. “मॅडम, यानं पावलं मोजलीत. काळीज नाही!”

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण थोडेच आले. मी काहीच शिकवलं नव्हतं, त्याचं त्यालाच सापडलं.

कारण साधं आहे. घड्याळाचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्त तो शोषतं, परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून ठोके काढले जातात. हात हलला, पट्टा सैल असला, की पावलांचा ठेका त्यात मिसळतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, जास्त असणाऱ्यांत, सावळ्या कातडीत आणि चालताना चूक वाढलेली दिसली. कॅलरीच्या आकड्यांचं तर विचारूच नका. शिवाय २२० मधून वय वजा करून येणारी ठोक्यांची कमाल मर्यादा सरासरी आहे; एकेकट्याचा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो.

म्हणून मी मुलांना सांगते, पट्टा मनगटाच्या हाडापासून बोट-दोन बोटं वर, घट्ट बांधा. खात्रीचाच आकडा हवा असेल तर छातीवरचा पट्टा घ्या, तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो. आणि चालताना बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता येतंय तर जोर बेताचा आहे. मात्र छातीत दुखलं, चक्कर आली, बसूनही धाप उतरेना, तर घड्याळ काहीही दाखवो, थांबून लगेच डॉक्टरांकडे जा.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, “कालच्या फेऱ्या कशा झाल्या?”

एरवी तो आकडा सांगायचा. त्या दिवशी म्हणाला, “पहिल्या फेरीत पोटऱ्या जड होत्या. दुसऱ्या फेरीत कानशिलं तापली, पाठीवर घाम आला. तिसरीत श्वास लागला, पण आईशी फोनवर बोलता येत होतं की. चौथी आरामात झाली.”