हक्सरांचे धागे कागदांतून कसे जुळवावेत?

प्रश्न : इंदिरा गांधींचे सचिव आणि परराष्ट्र धोरणातले सल्लागार पी. एन. हक्सर यांचे १९७१ च्या आसपासचे संबंध खुल्या झालेल्या कागदपत्रांतून मांडायचे आहेत. नाव टाकून शोधलं की ढीगभर नोंदी येतात, त्यांत ग्वाल्हेर दरबाराच्याही असतात. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ग्वाल्हेरच्या नोंदी आधी वेगळ्या काढा. त्या सर कैलासनारायण हक्सरांच्या आहेत. ते शिंदे दरबारात पोलिटिकल मेंबर होते आणि गोलमेज परिषदेलाही गेले होते. १९४७ पूर्वीच्या संस्थानी दप्तरातला ‘हक्सर’ बहुधा तेच समजा. दुसरी गफलत धर आडनावाची. डी. पी. धर मॉस्कोतले राजदूत, ऑगस्ट १९७१ पासून परराष्ट्र खात्यातल्या धोरण समितीचे प्रमुख. पी. एन. धर पंतप्रधान सचिवालयातले, आणि आद्याक्षरं हक्सरांचीच! ‘पी. एन. यांच्याशी बोललो’ एवढाच शेरा असेल तर तारीख आणि फाइल पाहिल्याशिवाय नाव ठरवू नका.

मग पदांचा तक्ता करा. जुन्या कागदांत माणूस नावापेक्षा हुद्द्याने जास्त सापडतो. हक्सर १९६७ मध्ये लंडनच्या हायकमिशनमधून पंतप्रधानांचे सचिव म्हणून आले आणि जानेवारी १९७३ पर्यंत त्या कार्यालयात होते. पण तिथे थांबलात तर मोठा धागा सुटेल. पद सोडल्यावरही २८ ऑगस्ट १९७३ च्या, युद्धकैद्यांच्या परतीबाबतच्या दिल्ली करारावर भारतातर्फे त्यांनीच सही केली, समोर पाकिस्तानचे अझीझ अहमद होते.

आता कागद. हक्सरांचे खाजगी कागद दिल्लीत तीन मूर्तीला, पूर्वीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात आहेत. ते हप्त्याहप्त्याने जमा झालेले असल्यामुळे संदर्भ टिपताना हप्ता आणि फाइल क्रमांक दोन्ही लिहा, नुसत्या फाइल क्रमांकावरून तो कागद पुन्हा सापडत नाही. अमेरिकेची बाजू घरबसल्या पाहता येते. तिथल्या परराष्ट्र खात्याच्या दस्तऐवजमालेतला १९७१ च्या दक्षिण आशिया पेचावरचा अकरावा खंड २००५ मध्ये निघाला, आणि जोडीचा ‘ई-७’ फक्त इंटरनेटवर आहे. वाचन पहिल्या तळटीपेपासून करा. मसुदा कुणी केला, मूळ कागद कुठल्या खोक्यात आहे, हे तिथेच असतं. निक्सनकाळात भारताची खोकी ‘मध्यपूर्व’ या शीर्षकाखाली लावलेली आहेत, म्हणून ‘दक्षिण आशिया’ शोधणारे रिकाम्या हाताने परततात. १ जुलै १९७३ पासूनच्या अमेरिकी तारा मात्र तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेगळ्या संगणकीय संग्रहात आहेत. दिल्ली कराराच्या वाटाघाटी नेमक्या त्याच उन्हाळ्यातल्या, म्हणून तिथे आधी जा. काही नोंदींचा मजकूर नसतो, फक्त ‘पी-रील’ क्रमांक येतो. त्यांची मूळ प्रत मायक्रोफिल्मवर आहे. क्रमांक टिपून पुढे चला.

नोंदवहीत प्रत्येक दुव्यापुढे प्रकार लिहा : समोरासमोर भेट, पत्र, टिपणावरचा शेरा, प्रत रवाना, की तिसऱ्याने केलेला उल्लेख. बहुतेक चुका इथेच होतात. ‘प्रत रवाना’च्या यादीत नाव दिसलं म्हणून संबंध सिद्ध होत नाही, कारकुनाने यादीप्रमाणे प्रती काढलेल्या असतात. उलट समासातली चार शब्दांची हाताने लिहिलेली ओळ पानभर टिपणापेक्षा जास्त सांगून जाते. तारेवरच्या वेळेला ‘झेड’ असेल तर ती ग्रीनिचची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. ६ जुलैला २०००झेड म्हणजे दिल्लीत ७ जुलैची पहाट, दीड वाजलेले.

आणि एकाच बाजूचा कागद धरू नका. निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर जुलै १९७१ च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीला येऊन हक्सरांशी बोलले, मग पाकिस्तानमार्गे ९ तारखेला गुपचूप पेकिंगला (आजचं बीजिंग) पोचले. त्या बोलण्याचं अमेरिकी टिपण म्हणजे अमेरिकी माणसाने ऐकलेलं आणि आपल्या साहेबासाठी लिहिलेलं. हक्सरांचे त्या आठवड्यातले कागद शेजारी ठेवा. एकाने विस्ताराने लिहिलेला आणि दुसऱ्याने गाळलेला मुद्दा मिळाला, की तुमचं खरं काम सुरू होतं. ९ ऑगस्टचा भारत-सोव्हिएत करार याच्या एका महिन्यावर आहे हे तारखांच्या तक्त्यात दिसू द्या.

प्रश्न : राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर फाइलचं शीर्षक दिसत नाही, म्हणजे ती अजून खात्यातच असावी. माहिती अधिकारात मागता येईल का?

उत्तर : येईल. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांसाठी कलम ८(३) चा आधार घ्या. पण सुरक्षा, परराष्ट्र संबंध आणि मंत्रिमंडळाचे कागद यांचे अपवाद तिथेही लागू राहतात आणि नकार बहुधा त्याच आधारावर येतो. म्हणून ‘हक्सरांचे सगळे कागद द्या’ असं मागू नका. फाइल क्रमांक द्या, आणि कलम १० प्रमाणे गोपनीय ओळी झाकून उरलेलं देण्याची मागणी अर्जातच करा. नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील. ‘रॉ’ या गुप्तचर संस्थेला हा कायदा बहुतांशी लागू नाही, म्हणून तिचे तेव्हाचे प्रमुख आर. एन. काव यांच्याशी झालेला पत्रव्यवहार हक्सरांच्या टोकाने, तीन मूर्तीतच शोधावा लागेल.

प्रश्न : हक्सर, काव, कौल, दोन्ही धर, सगळे काश्मिरी पंडित. हा एक गट होता असं लिहू का?

उत्तर : आडनावाच्या आधारावर नको. टी. एन. कौल परराष्ट्र सचिव होते, हक्सरांशी त्यांचा संपर्क हुद्द्यामुळेच रोजचा. त्यापलीकडचं काही मांडायचं असेल तर अधिकृत वाटेबाहेरचं पत्र दाखवा : निमसरकारी मायना, खात्याच्या क्रमांकाशिवाय, परराष्ट्रमंत्री स्वर्ण सिंगांना प्रत न पाठवलेलं. असे कागद तारखेसह हाती आले तरच ते वाक्य लिहा.