वाचकांचे प्रश्न : पुस्तकबांधणी आणि डागडुजी

प्रश्न : शब्दकोशाच्या फाटलेल्या पानांना वीसेक वर्षांपूर्वी सेलोटेप लावली होती. आता पट्ट्या गळताहेत आणि खाली तपकिरी डाग आहेत. डाग काढून पाने पुन्हा कशाने जोडावीत? खळीत (कीड लागू नये म्हणून) मोरचूद घालावे का? (वाचक, सांगली)

उत्तर : डाग जाणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. टेपचा चिकट थर कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो. घरी ॲसिटोन किंवा पेट्रोल लावले तर डाग पसरतो आणि शाईही फुटू शकते. जी पट्टी अजून धरून आहे ती हेअर ड्रायरने जेमतेम कोमट करा आणि कागदाला जवळजवळ टेकवूनच मागे ओढत न्या. सरळ वर उचलली की कागदाचा पापुद्राही निघून येतो.

जोडायला फेविकॉल नको. तो वाळल्यावर पाण्याने सुटत नाही, म्हणजे पुढची दुरुस्ती करणाऱ्याला पान फाडावेच लागते. कुरडयांसाठी काढतात तोच गव्हाचा चीक घ्या, फक्त मीठ-हिंग न घालता. वाळवलेला चीक १ भाग, पाणी ५ भाग. अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर सतत ढवळत १५-२० मिनिटे शिजवा. दुधाळपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक व्हायला हवी. कच्ची राहिली तर धरत नाही. गार झाल्यावर बारीक चाळणीतून घासून काढा आणि पाणी घालून सायीइतकी सैल करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकून द्या. मैद्याचीही खळ होते, पण वाळल्यावर ती कडक पडते. मोरचूद अजिबात नको : ते विषारी आहे, शिवाय त्यातल्या तांब्यामुळे कागद लवकर ठिसूळ होतो.

चिरेवर जपानी टिश्यूची, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ पण चिवट कागदाची पट्टी लावा; वजन चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅम. ती कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने अलगद फाडा, म्हणजे कडेला तंतूंची मिशी राहते आणि जोड कागदात विरून जातो. कापलेल्या सरळ कडेवर पान पुढेमागे पुन्हा मोडते. चिरेच्या दोन्ही बाजूंना ३ मिमी पट्टी पुरे. पानाच्या वर-खाली न चिकटणारे पातळ नॉनवोव्हन अस्तर, मग टिपकागद, मग वजन. टिपकागद पंधरा मिनिटांनी बदला. इथेच बहुतेक जण कंटाळतात आणि पान सुरकुतते.

प्रश्न : आठवीच्या मुलांना वही बांधायला शिकवते. दुसऱ्या दिवशी पुठ्ठे पापडासारखे वाकतात आणि वही मिटत नाही. (शिक्षिका, मडगाव)

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. कागद ओला झाला की तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, लांबीला जवळपास नाही. म्हणून कागद, पुठ्ठा, अस्तर (पुठ्ठ्याच्या आतून चिकटवायचा कागद) या सगळ्यांची ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, वहीच्या कण्याला समांतर हवी. तुकडा न मोडता दोन्ही दिशांनी वाकवून पाहा. ज्या दिशेने सहज वळतो, त्या वळणाची रेघ म्हणजे ग्रेन. बहुतेक ए-फोर कागदांची ग्रेन लांबीला असते, त्यामुळे तो मधोमध दुमडला की ती नेमकी आडवी जाते! मोठा ताव आणून कापलेला बरा. बाहेरचे कापड वाळताना पुठ्ठ्याला बाहेर खेचते, आतले अस्तर आत. अस्तर कोपऱ्यापर्यंत नीट चिकटले नाही तर बाहेरची ओढ जिंकते. चिकटवल्यावर वही रात्रभर वजनाखाली ठेवा, पंख्याखाली उघडी नको.

वही मिटत नाही ती दोऱ्यामुळे. प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे एकात एक दुमडलेल्या तावांच्या जुडीच्या, घडीत दोऱ्याची एक जाडी बसते. १० फर्मे आणि अर्ध्या मिमीचा दोरा, म्हणजे पाठ जवळपास ५ मिमी फुगली. दोरा बारीक घ्या किंवा फर्मे जाड करून संख्या कमी करा. मुलांनी दोरा घडीच्या रेषेतच ओढावा. वर ओढला की भोक फाटते.

प्रश्न : आजोबांची सुट्या पानांची पोथी शिवून घ्यावी का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नको. पोथी सुटीच वाचायची असते; शिवल्यावर पाने शिलाईशी मोडू लागतात. पानांपेक्षा बोटभर मोठ्या दोन लाकडी फळ्या आणि धुऊन खळ काढलेल्या सुती कापडाचे बासन एवढे पुरे. आणि कुणी लॅमिनेशन सुचवले, तर त्यांना लांबूनच नमस्कार करा.