आजीचं लुगडं, बाबांची पँट: स्टायलिंगचे प्रश्न

या वेळची बरीचशी पत्रं लग्नसराईच्या तोंडावरची आहेत. लुगड्याच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे, कारण तिथे एक चूक झाली की वस्तू परत मिळत नाही.

आमच्या आजीसासूबाईंचं करवती काठाचं कोशाचं (टसर रेशमाचं) लुगडं आहे. रंग अजून चांगला आहे, पण घड्यांवर दोन-तीन ठिकाणी चिरलं. मुलीला मे महिन्यात लग्नात तेच नेसायचं आहे. टेलर म्हणतो, मागून फ्युजिंग चिकटवून देतो, दिसणार नाही. करून घेऊ का?
— एक ताई, मोहाडी तालुका

फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, अजिबात नको, ताई. त्याचा गोंद इस्त्रीच्या उष्णतेने धाग्यांत मुरतो, काही वर्षांत पिवळा-कडक होतो आणि पुन्हा काढता येत नाही. शिवाय चिकटवलेला भाग ताठ होतो आणि शेजारचा जुना कोसा मऊच राहतो. मग बसता-उठता ताण नेमका त्या दोघांच्या सीमेवर येतो आणि नवी चीर तिथून सुरू होते.

आधी कापडात जीव किती आहे ते पाहा. अंगठ्या-बांगड्या काढा, हात धुऊन कोरडे करा, खाली सुती चादर अंथरा आणि दोघींनी मिळून लुगडं उलगडा. एकेक हात लांबीचा भाग खिडकीसमोर धरा. विरलेली जागा उजेडात जाळीसारखी दिसते. चांगल्या दिसणाऱ्या भागावर दोन्ही अंगठे दोन इंच अंतरावर ठेवून हलकेच ताणा, एकदा उभ्या धाग्याच्या दिशेने आणि एकदा आडव्या. बारीक चरचर ऐकू आली किंवा बोटांना भुकटी लागली, तर ते लुगडं नेसायचं राहिलेलं नाही. कापड तग धरत असेल आणि चिरा फक्त घड्यांवर असतील, तर नेसता येईल. तीन जागा विसरू नका: कासोट्याकडे जाणारा भाग, खांद्यावरचा पदर, आणि काठ अंगाला मिळतो ती रेघ. करवतीच्या दातांसारखा तो काठ पुष्कळदा सुताचा असतो आणि अंग कोशाचं. पाण्यात दोन्ही सारखे आटत नाहीत, त्यामुळे अख्खं लुगडं भिजवलं की काठालगत चुण्या पडतात आणि इस्त्रीनेही त्या पुरत्या जात नाहीत. काठाचा रंगही फुटू शकतो. पांढरं सुती फडकं ओलं करून काठाच्या आतल्या टोकावर पाच मिनिटं दाबून ठेवा. फडक्यावर रंग उतरला तर पाण्याचा विचार सोडा, सावलीत हवेशीर ठेवून मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे.

चिरेसाठी धुऊन आटवलेलं तलम मलमल घ्या. स्टार्च नको. तुकडा चिरेपेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठा ठेवा आणि त्याचे उभे-आडवे धागे लुगड्याच्या धाग्यांशी जुळवून मागून ठेवा. बारीक सुई आणि रेशमाचा एकेरी धागा घ्या. चिरेच्या दोन्ही कडा शेजारी आणा, पण एकमेकींवर चढवू नका. चिरेला आडवे लांब टाके पाच-सहा मिलिमीटर अंतरावर घाला आणि प्रत्येक लांब टाका मधे एका छोट्या टाक्याने मलमलला धरून ठेवा. धागा ओढून घट्ट केला की कापड सुरकुततं आणि टाकाच पुढची चीर पाडतो. मशीन इथे चालणार नाही. तिची सुई एका रेषेत भोकं पाडते आणि जुना कोसा त्याच रेषेत फाटतो.

आता नेसण्याचं. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, आणि सहावारीसारखं नेसायला साडेपाच मीटर पुरतं. म्हणजे अडीच मीटरहून जास्त कापड मोकळं राहतं, एक इंचही न कापता. मुलीची हौस नऊवारीचीच असेल तर कापड खरोखर मजबूत हवं, कारण कासोट्याचा ताण साधा नसतो. सहावारी पद्धतीने नेसायचं ठरलं तर दुरुस्त केलेला भाग निऱ्यांमध्ये जाईल असं मोजून ठेवा. निऱ्यांवर ताण येत नाही. मांडवात मांडी घालून बसल्यावर सगळा ताण नितंबांवर आणि गुडघ्यांवर येतो, तिथे धड कापडच हवं. खांद्याला पिन लावायचीच झाली तर ती काठातून लावा आणि मागे ब्लाउजच्या आतून कापडाची दुहेरी पट्टी ठेवा. पिनेऐवजी चार कच्चे टाके घातले तर आणखी बरं. रात्री ते उसवायला एक मिनिट लागतं.

मे महिन्यातला आपल्याकडचा घाम हा कोशाचा मोठा शत्रू आहे. ब्लाउज सुती अस्तराचा शिवा, बगलेत काढता-घालता येणारे सुती पॅड लावा, आणि अत्तर कपडे घालायच्या आधी अंगाला लावा. कोशावर पाणी शिंपडून इस्त्री करू नका, थेंबांचे डाग उमटतात. वरून एकसारखं दमट मलमल ठेवून मध्यम उष्णतेची इस्त्री फिरवा आणि जुन्या घडीच्या रेषेवर दाब देऊ नका.

परीक्षेत लुगडं नापास झालं तरी मन मोडू नका. पदराचा धड भाग मलमलवर टाचून मुलीच्या नव्या साडीवर शेला म्हणून घेता येतो. आपल्या आंधळगावकडे करवती काठ आजही विणला जातो. मुलीसाठी नवं घ्या आणि आजीसासूबाईंचा शेला त्याच्यावर घ्या. फोटोत ही जोडी फार सुंदर दिसते, आणि जुनं कापडही वाचतं.

पेटीतल्या साड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि काहींना कसर लागली आहे.
— एक वाचक, समुद्रपूर

सावलीत दोरीवर दोन-तीन दिवस हवा द्या. उन्हात रेशीम टाकू नका. वास घालवायला परफ्यूम मारला तर जरीचं काम काळं पडतं. कसर स्टार्चवर आणि धुळीवर जगते, म्हणून कांजी केलेली साडी ठेवणीत कधीच नको. पेटी पत्र्याची असेल तर गंज लागू नये म्हणून आत सुती कापड अंथरा, साड्या मलमलमध्ये गुंडाळा, प्लास्टिक टाळा. वाळलेला निंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा, मोकळा नको. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, आणि पावसाळा संपल्यावर एकदा सगळंच बाहेर काढा.

मी शिवणक्लास केला, ब्लाउज-ड्रेस शिवून राहिली. मला स्टायलिस्ट व्हायचं आहे, तेही जुन्या फॅशनची. गावात राहून हे काम होते का? दिवसभर नेमकं काय करावं लागते आणि पैसे कसे घ्यायचे?
— पुसद तालुक्यातील एक वाचक

होते. शिवण येणारी स्टायलिस्ट नुसती फॅशन कळणारीपेक्षा कामाला जास्त पडते, कारण ऐन वेळी काहीतरी उसवतंच.

कपडे सुचवणं हा या कामाचा लहान भाग आहे. बाकीची धावपळ, मोजमाप आणि सांभाळ. काम आलं की पहिल्या भेटीत हे विचारा: कोणता विधी, किती वाजता, उघड्यावर की हॉलमध्ये, नवरीला किती वेळ बसावं लागणार, घरातल्या कोणाची कोणती वस्तू वापरायचीच आहे. मग मापं घ्या. जुना ब्लाउज वापरायचा असेल तर छाती, कंबर, मुंढा आणि बाहीचा घेर ब्लाउजवरही मोजा आणि अंगावरही. जुन्या शिलाईत पुष्कळदा भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडलेली असते. दोन्ही बाजूंची माया उसवून दोन-अडीच इंच मिळतात. त्याहून जास्त हवं असेल तर बगलेत कळी, म्हणजे कापडाचा जोड, घाला. सोडलेल्या मायेचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद निघतो, म्हणून आधी एका बाजूला थोडंसंच उसवून पाहा आणि नवरीच्या आईला दाखवा.

ट्रायल लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी घ्या. सगळं घालून, चप्पल-दागिन्यांसकट, आणि खाली मांडी घालून बसवून पाहा. उभ्याने सगळंच चांगलं दिसते.

बॅगेत काय ठेवावं याची यादी प्रत्येकीची वेगळी असते, पण या वस्तू लागतातच: दोन-तीन आकारांच्या सेफ्टी पिना, पांढरा, काळा, मोतिया आणि मरून धागा आधीच ओवून ठेवलेल्या सुया, जादा हुक, नाडा आणि नाडा घालायची सळई, छोटी कात्री, शिलाई उसवणी, तेलाच्या डागासाठी टाल्कम पावडर, इस्त्रीखाली धरायला मलमल. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर उन्हाळ्यात भिस्त ठेवू नका, घामाने सुटतो. स्टीमर घ्यायच्या आधी त्याचे वॅट पाहा. हजार-पंधराशे वॅटचा स्टीमर घरगुती लहान इन्व्हर्टरवर चालत नाही, आणि लग्नाच्या सकाळीच लाइन गेलेली असते. आदल्या रात्री इस्त्री उरकून कपडे टांगून ठेवा आणि गावातल्या परटाची कोळशाची इस्त्री सांगून ठेवा. तिच्यातून राख उडते, तेव्हा वरून मलमल हवंच.

जुन्या वस्तू कुठे मिळतील? आधी आपल्याच पंचक्रोशीतल्या पेट्यांत. कोणाची वस्तू वापरायला घेतली तर तिथेच, त्यांच्यासमोर, डाग आणि भोकांसकट फोटो काढा, तारीख लिहा, आणि कापायचं नाही हा नियम स्वतःला घालून घ्या. जुळणारं अस्तर, किनार, बटणं नागपुरात इतवारी-गांधीबागेत एका फेरीत मिळतात.

पैशांचं: दिवस मोजा. एका लग्नाला साधारण अर्धा दिवस ट्रायल, एक दिवस तयारी, एक दिवस लग्न, अर्धा दिवस वस्तू परत देणं आणि धुलाई, म्हणजे तीन दिवस धरा. समजा तुमच्या भागात शिवणीच्या चांगल्या हाताला दिवसाला ७०० रुपये सुटतात, तर २,१०० ही तुमची पायरी. त्याच्याखाली उतरू नका. प्रवास, परीट, विकत आणलेलं सामान वेगळं लावा. निम्मे पैसे आधी घ्या. नातेवाइकांकडून कमी घ्यायचे असतील तरी पूर्ण रक्कम लिहून मग सूट लिहा, नाहीतर पुढच्या लग्नात तीच सूट तुमचा दर होऊन बसते.

बाबांचे जुने शर्ट आणि आजोबांचा कोट सापडला. कॉलेजात सत्तरच्या दशकाचा दिवस आहे. हे कपडे खरोखर किती जुने हे कसं ओळखावं? आणि साध्या पँटचं बेलबॉटम करता येईल का?
— एक विद्यार्थी, दर्यापूर

विदर्भाच्या बाबतीत कोटाच्या आतलं टेलरचं लेबल फार बोलकं असते, कारण पत्त्यातलं राज्य बदलत गेलं. पत्त्यात 'नागपूर, सी. पी.' (मध्य प्रांत) किंवा 'बेरार' (वऱ्हाड) असेल तर लेबल बहुधा १९५०च्या आधीचं. 'म. प्र.' (मध्य प्रदेश) असेल तर १९५० ते १९५६, आणि 'मुंबई राज्य' असेल तर १९५६ ते १९६०. महाराष्ट्र लिहिलेलं १ मे १९६०नंतरचं. पिनकोड १९७२मध्ये सुरू झाला, म्हणून ४४ ने सुरू होणारा सहा आकडी पिन दिसला तर लेबल त्यानंतरचंच. न शिवलेलं कापड सापडलं तर थानाच्या टोकावरचा मिलचा शिक्का पाहा. किंमत आण्यांत असेल तर साधारण १९५७च्या आधीची, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४. एक सावधगिरी: टेलर जुनी छापलेली लेबलं संपेपर्यंत वापरत, म्हणून दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा.

बाबांचा शर्ट टेरिलीन किंवा टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर असलेल्या कापडाचा, असेल तर इस्त्री कमी उष्णतेवर ठेवा, नाहीतर कापड चकाकतं आणि ती चकाकी जात नाही. घामाचा वास या कापडात मुरतो. कोमट पाण्यात साबणासोबत थोडा खाण्याचा सोडा टाकून अर्धा तास भिजवा.

बेलबॉटम जमते, पण आजोबांच्या ठेवणीतल्या पँटवर प्रयोग नको, जुन्या बाजारातली साधी पँट घ्या. मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, १६ इंचांची असेल आणि २४ करायची असेल तर प्रत्येक पायात आठ इंच वाढवायचे. गुडघ्याच्या एक इंच वरपर्यंत बाहेरची आणि आतली, दोन्ही शिलाया उसवा. प्रत्येक शिलाईत तळाला चार इंच रुंद अशी त्रिकोणी कळी बसवा, दोन्ही बाजूंना अर्धा इंच माया वेगळी धरून. पुष्कळ जण फक्त बाहेरच्या बाजूला आठ इंचांची एकच कळी टाकतात. मग पाय बाहेरच्या अंगाला वळतो आणि चालताना घेर एकीकडे लोंबतो. कळीचा उभा धागा मधोमध सरळ उभा असला पाहिजे. टोकाला शेवटचा अर्धा इंच मशीनने न शिवता हाताने शिवा, तिथेच फुगा येतो. मोहरीच्या दुमडीत कॅनव्हासची दीड इंची पट्टी घातली की घेर नीट पडतो.

आजोबांचा पांढरा खादीचा सदरा हळदीत पिवळा झाला. साबण लावला तर लाल झाला! वाया गेला का?
— एक वाचक, आर्वी

नाही गेला. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते, साबण निघाला की पुन्हा पिवळी होते. भरपूर साध्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळा, शेवटच्या पाण्यात बादलीला एका लिंबाचा रस टाका, पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढा. मग ओला सदरा डाग वर करून थेट उन्हात टाका. हळदीचा रंग उजेडाने मोडतो, आणि आपल्या उन्हात दोन-तीन दिवसांत डाग फिका पडत जातो. वाळला की पुन्हा ओला करून टाका. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री लावू नका. आणि हे फक्त पांढऱ्या सुती-खादीसाठी. रेशमाला किंवा रंगीत कापडाला हे ऊन देऊ नका.