खजिनदारपद घेण्यापूर्वी

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावाने सलाम.

पत्र मिळालं. तासिका तत्त्वावर का होईना, पण रसायनशास्त्र शिकवायला लागलास, आनंद झाला. पीएचडी अर्धवट, घरात दीड वर्षाची लेक, सूनबाईंच्या नाइट ड्युट्या, आणि एवढ्यात चर्चची मंडळी तुला पंचांत, म्हणजे कारभारी समितीत, घेऊन खजिनदार करू म्हणतेय. वर विचारतोस, "सर, तुम्ही कॉलेज, घर आणि चर्च हे सगळं कसं सांभाळलंत?" अरे, ही भाषा निरोप समारंभातली. शाल-श्रीफळ हातात द्यायच्या आधी काहीतरी गोड बोलावं लागतं, म्हणून बोलतात. तिन्ही एकाच वेळी कुणाला सांभाळता येत नाहीत. कुठे 'नाही' म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं.

एक प्रश्न मात्र सुरुवातीलाच बाजूला ठेवतो, कारण स्टाफरूममध्ये तो तुला हमखास विचारतील: विज्ञान शिकवता आणि चर्चला कसे जाता? मला या प्रश्नाने कधी छळलं नाही. १७७४ साली ऑक्सिजन वेगळा करणारा जोसेफ प्रीस्टली चर्चचा पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, होता. आपल्या अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकात धर्मचर्चेच्या शेजारी विज्ञानाचे लेख छापून येत. वाद घालायचाच तर सवडीने घाल, चहाबरोबर बरा असतो. खरी ओढाताण वेळेची असते. रविवारी नऊला उपासना, त्याच दिवशी तपासायचे पेपरांचे गठ्ठे, आणि घरात पोराला ताप.

तू फॅरेडेची इलेक्ट्रोलिसिसची सूत्रं शिकवतोस. माणूसही शिकव. लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी केलेला. १८२५ मध्ये बेंझीन शोधलं. लंडनमधल्या सँडेमेनियन नावाच्या एका लहानशा पंथाचा तो सभासद. १८४० मध्ये त्यांनी त्याला वडील, म्हणजे मंडळीचा एल्डर, नेमलं. १८४४ मध्ये मंडळीने त्याला काही आठवडे बाहेर काढलं. का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पुन्हा आत घेतलं, पण वडीलपद थेट १८६० मध्ये परत मिळालं. मधली सोळा वर्षं जगभर नावाजलेला हा शास्त्रज्ञ कुठलंही पद नसताना त्याच मंडळीत राहिला. रुसून दुसरं चर्च काढलं नाही. (आपल्याकडे एवढ्या कारणावर तीन चर्चं निघाली असती.) याच काळात, १८४५ मध्ये, चुंबकत्वाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्याने दाखवलं. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद चालून आलं, ते घेतलं नाही. मला त्याच्या शोधांइतकंच हे नाकारणं मोठं वाटतं.

तेव्हा बाळ, माइक देणारी कामं घेऊ नकोस. मोजून देता येणारी घे. रविवारी दानार्पण झाल्यावर वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, काय चालतं ते नीट बघ. थैल्या टेबलावर उलट्या करायच्या, नोटा किमतीप्रमाणे लावायच्या, चिल्लर वेगळी, चिकटपट्टी लावलेल्या नोटा वेगळ्या, पाकिटावर नाव असेल तर ते वहीत. मोजणारे दोघे हवेत, एकाच घरातले नकोत. आकडा अक्षरी लिहायचा, दोघांनी सही करायची, आणि मगच बाहेर पडायचं. "घरी नेऊन निवांत मोजतो" असं कुणी म्हणालं, मग तो कितीही प्रार्थना करणारा असो, नम्रपणे नाही म्हणायचं. त्याच्यावर संशय म्हणून नव्हे, उद्या त्याच्यावर संशय यायला जागा राहू नये म्हणून.

हे मी प्रयोगशाळेत शिकलो. टायट्रेशनला, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजायच्या प्रयोगाला, तीन रीडिंग सारखी यावीत म्हणून मुलं ती ॲडजस्ट करतात. १०.२, १०.२, १०.२, शाई एकच, अक्षर एकाच दमात काढलेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकाला लांबून कळतं. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला तरच एंड पॉइंट म्हणायचा; तेवढा वेळ फ्लास्क हलवत उभं राहायचा कंटाळा येतो, आणि लबाडी त्या कंटाळ्यातून सुरू होते. मंडळीचे हिशेबही असेच बिघडतात. आरंभी चोरी क्वचितच असते. पावती राहिली, नंतर लिहू म्हटलं, वर्षअखेरीला जुळवलं.

घराबद्दल. "निवृत्तीनंतर घरच्यांना वेळ देईन" असं म्हणणारे पुष्कळ सहकारी पाहिले. ते मोकळे झाले तेव्हा मुलं पुण्याला नाहीतर परदेशी होती. आमची हीसुद्धा नर्स. तिची नाइट असली की संध्याकाळ माझी. जेवणाआधी घरची उपासना, प्रत्येकाने एक वचन वाचायचं. धाकटा रोज एकच वाचायचा, योहान ११:३५, "येशू रडला." सगळ्यात लहान, म्हणून. मी दटावायचो नाही. एकदा वाचून झाल्यावर त्यानेच विचारलं, "पण का रडला?" मग येशूचा मित्र लाजर मेला त्याची सगळी गोष्ट, मार्था, मरिया, धोंड लावलेली कबर, सगळं सांगता सांगता जेवायला उशीर झाला आणि टी.वाय.च्या जर्नल्सचा गठ्ठा तसाच पडून राहिला. एवढी एक वेळ रोजची ठरवून टाक. तेव्हा गाइडचा फोन आला तरी उचलू नकोस.

आता खजिनदारपद. पीएचडीचा प्रबंध सादर होईपर्यंत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दानार्पण मोजायला मात्र दर रविवारी बस. तरी घेणारच असशील तर ऐक. आपल्या बहुतेक मंडळ्या १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. तो न दिल्याने जुनी नावं तशीच राहतात, आणि मिशनच्या जागांचे दावे वर्षानुवर्षं चालतात. होकार देण्याआधी मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि बँकेचं पासबुक माग. बँकेत सह्या कुणाच्या चालतात ते विचार. "तुमचा विश्वास नाही का?" असं म्हणतील. हसून पुन्हा माग. दुसऱ्यांदाही मिळाले नाहीत, तर प्रकृतीचं कारण न देता, सरळ लेखी नकार कळव आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेव.

सूनबाईंना सलाम, चिमुरडीला पापा.

तुझा,
सर