‘पहिल्यापासून’ या एका शब्दाची साक्ष

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे एकच प्रश्न सारखा येतो : जमिनीच्या केसमध्ये घरच्यांसाठी थोडं वाढवून सांगितलं, तर ती खोटी साक्ष होते का? विचारायला येतात तेव्हा घरात होकार देऊन झालेला असतो आणि झोप उडालेली असते.

असाच एक तिशीतला शेतकरी आला. (ओळख बदलली आहे.) चुलत आण्णाचा शेजाऱ्याशी बांधावरून दावा. आण्णाचं म्हणणं, “बांध पहिल्यापासून नाल्याच्या कडेलाच होता, एवढं म्हण की.”

“आण्णानं मला शिकवलं, सर. त्याला कोर्टात उघडं कसं पाडू?”

“उघडं पाडायला कोण सांगतंय?”

गाठ इथंच होती. भावासाठी खोटं किंवा भावाविरुद्ध खरं, अशा दोनच वाटा त्याला दिसत होत्या. बायबलमधल्या निर्गम 20:16 ची आज्ञा (बहुतेक प्रोटेस्टंट तिला नववी म्हणतात, कॅथलिक आठवी) शेजाऱ्याविरुद्धच्या खोट्या साक्षीबद्दल आहे. त्या काळी दोघांतिघांच्या शब्दावर माणसाचा जीव जाई. 1 राजे 21 मध्ये नाबोथाचा वडिलोपार्जित मळा असाच दोन खोट्या साक्षीदारांमुळे गेला, आणि नाबोथही.

“पण शेजारी पैसेवाला, आम्ही गरीब.”

निर्गम 23:3 काढून दिलं : वादात गरिबाचीही बाजू तो गरीब म्हणून घ्यायची नाही. तो बराच वेळ गप्प बसला.

तिसऱ्या भेटीत वहीचं एक पान दिलं आणि तीन रकाने आखायला सांगितले : पाहिलं, ऐकलं, वाटतं. ‘ऐकलं’खाली अकरा ओळी झाल्या. ‘पाहिलं’खाली एकच : “2016 पासून बांध नाल्याच्या कडेला आहे. त्याआधी मी पुण्याला कामाला होतो.” पेन ठेवून तो म्हणाला, “म्हणजे खोटं आहे ते ‘पहिल्यापासून’ या शब्दात.”

इतक्या वर्षांच्या कामात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. लोकांना खरं बोलणं जड जातं, कारण न पाहिलेल्याचं ओझंही ते डोक्यावर घेतात. निकाल द्यायचं काम न्यायाधीशाचं; साक्षीदारानं आपल्या डोळ्यांपुरतं बोलायचं. मात्र पाहिलेलं लपवायचीही मुभा नाही. साक्षीला बोलावल्यावर माहीत असून गप्प राहणं लेवीय 5:1 प्रमाणे दोषच आहे.

आण्णाला सांगायचं ते तारखेच्या निदान आठ दिवस आधी, घरी, दोघंच असताना. कोर्टाच्या दारात सांगितलं तर तो दगा वाटतो. फोनवर सांगितलं तर मागून बायकापोरं बोलू लागतात. बायबलची वचनं ऐकवू नयेत. “2016 पासूनचं ठामपणे सांगतो, आधीचं मला माहीत नाही,” एवढं पुरे. सोबत मदत पुढे करावी : हद्दुबस्त मोजणीच्या (जमिनीची हद्द ठरवणाऱ्या सरकारी मोजणीच्या) अर्जाला मी येतो. बांधाच्या वादात मोजणीचा नकाशा भावकीच्या शब्दापेक्षा जास्त कामाला येतो.

शपथेचा प्रश्नही येतोच, कारण मत्तय 5:34 शपथ वाहू नका म्हणतं. 1969 च्या शपथ कायद्यानुसार शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते; तसं आधी वकिलांना सांगून ठेवावं.

खोटं प्रतिज्ञापत्र आधीच दिलं असेल, तर पहिल्यांदा वकील गाठावा. न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून दुरुस्ती कशी करायची ते त्यांच्याकडूनच समजून घ्यावं. मग पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) जावं. नुसत्या पापकबुलीनं शेजाऱ्याची जमीन परत येत नाही. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानंही लुबाडलेलं चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती.